मोडीचे अक्षर : चित्र की वर्ण?

१/ वर्ड प्रोसेसरच्या ‘इन्सर्ट’मध्ये ‘शेप्स’ आणि ‘सिम्बॉल’ हे दोन निरनिराळे पर्याय असतात. एक आकृती घालतो, दुसरा वर्ण. हा भेद किती मोलाचा आहे, हे मोडी लिपीच्या इतिहासावरून कळते. #धागा

२/ पुण्याच्या पेशवे दफ्तरातील बहुसंख्य कागद मोडीत आहेत. छपाईत मात्र बालबोध स्थिरावली. श्रीरामपूरला छापलेल्या विल्यम केरीच्या मराठी कोशात (१८१०) मोडीचे खिळे वापरले गेले, तरी ती वाट पुढे रुंदावली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी नित्य व्यवहारातूनही मागे पडली.

३/ संगणकावर मोडीला स्वतःचे संकेतांकच नव्हते. मग एकतर अक्षराचे चित्र चिकटवावे, नाहीतर इतर लिपीच्या संकेतांकांवर मोडीचे वळण चढवणारा फॉन्ट वापरावा. चित्रात शब्द शोधता येत नाही आणि फॉन्ट बदलला की मोडी नाहीशी होते.

४/ २०११ मध्ये अंशुमन पांडे यांनी युनिकोडकडे सविस्तर प्रस्ताव दिला. २०१४ च्या ७.० आवृत्तीत मोडीचे ७९ वर्ण समाविष्ट झाले. मोडी ‘अ’चा संकेतांक यू+११६००.

५/ इतिहासाभ्यासाला याचा लाभ काय? मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळलेला नसतो. देवनागरीत उतरवताना तो निर्णय लिप्यंतरकार घेतो आणि मूळ लेखन झाकले जाते. मोडीचे वर्ण मोडीतच टंकित केले, तर कारकुनाने लिहिले तसे ते टिकते, शिवाय शोधताही येते.

६/ म्हणून मोडी टंकताना युनिकोड फॉन्टच वापरा. चित्र केवळ पाहता येते. वर्ण वाचता येतो.