ग्रेन्ना गावची अमालियाबाई

स्वीडन देशातील एका लहानशा गावाची ही हकीकत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, परदेश काही मी पाहिला नाही. पण वाचनात आले ते आपल्या स्मरणिकेसाठी लिहावेसे वाटले.

गावाचे नाव ग्रेन्ना. व्हेटर्न नावाच्या मोठ्या सरोवराच्या पूर्वकाठी सरदार पेर ब्राहे यांनी ते १६५२ साली वसविले. जवळच्या डोंगरावर त्यांनी पत्नीसाठी ब्राहेहूस हा वाडा बांधावयास घेतला होता. पण तो पुरा होण्यापूर्वीच, १६५० साली, ती बिचारी वारली. १७०८ सालच्या आगीत वाडाही जळाला. समोरच्या विसिंग्सो बेटावर ब्राहे घराण्याचा किल्ला होता, तो १७१८ साली जळाला. आज दोन्हीकडे पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. प्रवासी त्या हौसेने पाहतात.

गावात खरी गर्दी होते ती मात्र मिठाईच्या दुकानांत. त्याचे मूळ आहे अमालिया एरिक्सन ही बाई. जन्म १८२४ चा. दहा वर्षांची असताना पटकीच्या साथीत आईबाप गेले. मोठेपणी ग्रेन्नात मोलकरीण म्हणून आली, एका शिंप्याशी लग्न झाले, आणि १८५८ साली तोही गेला. पदरी तान्ही मुलगी इडा. आता खायचे काय? त्या काळी तेथे बाईमाणसाने धंदा करणे सोपे नव्हते, गावच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागे. हिने अर्ज केला, आणि १८५९ साली तिला ती मिळाली.

तिच्या मिठाईला पोल्काग्रीस म्हणतात. साखरेचा पाक करून त्यात थोडा व्हिनेगार, म्हणजे शिरका, घालतात. पाक दगडी फरशीवर ओतला की कोमट असतानाच आकड्याला अडकवून ओढायचा, पुन्हा दुमडायचा, पुन्हा ओढायचा. आपला रेवडीवाला खुंटीवर पाक ताणतो ना, तसेच! हवा शिरली की पाक पांढराशुभ्र होतो. त्यात पेपरमिंटचा अर्क. थोड्या भागाला लाल रंग देऊन पांढऱ्याभोवती पीळ घालतात आणि कांड्या वळतात. हात भाजणारे काम, व थांबले की पाक कडक!

अमालियाबाईने आपली कृती जन्मभर कोणाला सांगितली नाही. ती १९२३ साली नव्व्याण्णवाव्या वर्षी वारली, तेव्हा कोठे इडेने ती बाहेर काढली. कोणी याला आपमतलबीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. जिच्यापाशी जमीन नाही, नवरा नाही, तिची ती कृती हेच भांडवल.

याच गावचे आन्द्रे हे १८९७ साली दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तिघेही बर्फात मेले. १९३० साली त्यांचे अवशेष, रोजनिशी व फोटोंच्या फिल्मा सापडल्या. गावच्या संग्रहालयात त्या मोहिमेची माहिती पाहावयास मिळते.

अमालियाबाईचा पुतळा मात्र गावाने १९९७ साली उभारला. आता तेथील दुकानांत काचेपलीकडे कारागीर पाक ओढतात, आणि मुले नाक लावून पाहात उभी असतात.