विद्यादान आणि शिष्यवृत्तीची वही

चतुर्विध दानांत आपल्या पूर्वसूरींनी ज्ञानदानास मोठे स्थान दिले आहे. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत स्थापन झालेले श्री महावीर जैन विद्यालय हे त्याचेच फळ होय.

तथापि शिष्यवृत्ती मिळणे वेगळे आणि टिकणे वेगळे. बडोदानरेश सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अध्ययन अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी ते पूर्ण केले.

मार्कंडा परिसरातील आम्ही मुले त्या काळी नागपूर विद्यापीठाची. गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये आले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत न दिल्याने माझी शिष्यवृत्ती बंद झाली. ते शुल्क वडिलांनी दुकानाच्या गल्ल्यातून भरले. त्या दिवाळीत घरात नवे कापड फाडले गेले नाही.

जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि शासकीय योजनांची दारे उघडली. परंतु उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि मुदत यांची आठवण विद्यार्थ्यास कोणी करून द्यावी? व्यापारी जुनी बाकी नव्या वहीत ओढतो, म्हणूनच ती बुडत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टनेही प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावे अशी एक वही घालावी, ही नम्र विनंती.