'ख्रिस्तराजा' या पदाचा अर्थ : उत्तन-डोंगरीच्या संदर्भात

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीतील उत्तन आणि डोंगरी ही गावे साष्टीच्या वायव्य टोकास आहेत. तेथील ख्रिस्ती कोळी व शेतकरी यांच्या पूर्वजांनी अनेक राजे पाहिले. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1737 साली साष्टी मराठ्यांनी घेतली, 1774 साली ती इंग्रजांच्या हाती पडली. पोर्तुगालचा राजा हा येथील चर्चचा आश्रयदाताही होता. तेव्हा ख्रिस्ताचे राजेपण या किनाऱ्यावर प्रथम ऐकू आले ते ऐहिक सत्तेच्या छायेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, उत्तर कोकणातील या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. त्यातही राजनिष्ठेचा भाग होताच.

ख्रिस्तराजाचा सण मात्र अर्वाचीन आहे. रशिया, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील सिंहासने कोसळून फार वर्षे झाली नव्हती, तोच 1925 साली पोप अकरावे पायस यांनी तो सुरू केला. राष्ट्रांनीही ख्रिस्ताचे स्वामित्व मानावे, असा त्यांचा आग्रह होता. 1969 च्या सुधारणेने हा सण ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारावरून उपासनावर्षाच्या अखेरच्या रविवारी नेला. त्यामुळे या राज्याचा संबंध जगाच्या अंतिम परिपूर्तीशी अधिक जुळला आणि राष्ट्रांवरील हक्काचा सूर मंदावला.

प्रजासत्ताकात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाने या पदाचा कोणता अर्थ घ्यावा? येथे भाषा बरेच सांगते. दरबारातील राजाला 'आपण' म्हणावे लागे. प्रार्थनेतील राजाला, विठोबाप्रमाणेच, 'तू' म्हटले जाते. शिवाय मराठीत आणखी एक राजा आहे : राज्य गमावलेला, तरीही ज्याच्या राज्याची वाट पाहिली जाते असा बळीराजा. जोतीराव फुल्यांनी येशूला बळीच्याच परंपरेत बसविले. ना. वा. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' स्थापिला, तो बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही खुला ठेवला. पाश्चात्त्य राजमुकुटापेक्षा हे दोन मराठी अर्थ मूळ कथेच्या अधिक जवळचे वाटतात.

कारण क्रुसावरील 'आय. एन. आर. आय.' ही अक्षरे म्हणजे 'नाझरेथचा येशू, यहूद्यांचा राजा' या लॅटिन मजकुराचा संक्षेप होय. तो मजकूर भक्तांनी लिहिलेला नव्हता. रोमन सुभेदार पिलाताने देहान्त शिक्षेचे कारण म्हणून तो लावविला होता.