स्थायी अभिज्ञापक : विदासंच व संशोधन-उपकरणे

विदासंच किंवा संशोधन-उपकरण यांचा निःसंदिग्ध निर्देश करण्यासाठी दिलेला कायमचा संकेत. डीओआय हा त्याचा सर्वपरिचित प्रकार. ‘१०.’ने सुरू होणारे पूर्वांग नोंदणी करणाऱ्या संस्थेला मिळते. तिरप्या रेघेनंतरचे उत्तरांग त्या वस्तूचे. संकेतस्थळ हलले की साधा दुवा तुटतो. डीओआय तोच राहतो, नोंदीतला पत्ता तेवढा बदलतात. ही तसदी मात्र कोणीतरी घ्यावीच लागते. विदासंचांच्या डीओआयसाठी २००९ मध्ये लंडनमध्ये डेटासाइट ही संस्था स्थापन झाली. उपकरणांकडे लक्ष उशिरा गेले. एकाच मॉडेलच्या दोन वर्णपटमापकांचे अंशांकन वेगळे असू शकते. तेव्हा मॉडेलचे नाव पुरत नाही, नेमके यंत्रच सांगावे लागते. डेटासाइटच्या अधिविदा-आराखड्याच्या ४.५ आवृत्तीत (२०२४) ‘उपकरण’ हा स्वतंत्र प्रकार आला.