चौथ्या चाकाचा हात

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून क्रिकेटखेरीज दुसरे काही बोलणे म्हणजे भरल्या पंगतीत उपास सांगण्यासारखे आहे. तरीही, वाचकहो, आज मी मोटारीविषयी बोलणार आहे. मात्र कट्ट्याचा मान राखून सुरुवात क्रिकेटनेच करतो.

१० मार्च १९८५. मेलबर्नला सुनील गावसकरांच्या संघाने पाकिस्तानला आठ गडी राखून हरविले. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत शिकलेल्या रवी शास्त्रींना स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून ऑडी १०० ही मोटार मिळाली, आणि सारा संघ तिच्यावर चढून मैदानभर हिंडला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. वर्तमानपत्रातला तो फोटो पाहून चाळ खेळाडूंची नावे घेत होती. टॅक्सी चालविणाऱ्या माझ्या अण्णांनी मात्र विचारले, "गाडीचं इंजिन कसलं रे?" कोणालाच ठाऊक नव्हते.

अण्णांची टॅक्सी फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली हीच फियाट पुढे पद्मिनी झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, आणि ती सारी मागच्या दोन चाकांना. एका पावसाळ्यात मैदानाच्या कडेला तिचे एक मागचे चाक चिखलात रुतले. ते गरगर फिरत राहिले, दुसरे हटून बसले. अखेर चार पोरांनी हात लावला तेव्हा गाडी निघाली.

मी शाळेत चित्रकला शिकवितो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रशास्त्र शिकलो ते परळच्या गॅरेजांतल्या मिस्त्रींजवळ. त्यांच्याकडे बसता बसता अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू उलगडले.

१९७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे अभियंते फिनलंडच्या बर्फात मोटारी तपासत होते. बरोबर लष्करी बनावटीची इल्टिस नावाची एक जीप होती. ताकद अवघी ७५ अश्वशक्ती, पण चारही चाकांना वाटलेली. बर्फात तिने तिच्याहून दांडग्या मोटारींना मागे टाकले. येर्ग बेन्सिंगर या अभियंत्याने ओळखले की, बळ किती आहे यापेक्षा ते जमिनीला कुठे टेकते, यालाच महत्त्व. त्यातून १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो अवतरली. इटालियन भाषेत क्वाट्रो म्हणजे चार. तिच्या गिअरबॉक्समध्ये एक पोकळ दांडा होता. त्याने मागे नेलेली शक्ती मधल्या डिफरेन्शियलमध्ये वाटली जाई. एक वाटा मागच्या चाकांना, आणि दुसरा त्याच पोकळीतून फिरणाऱ्या आतल्या दांड्याने पुढच्यांना.

दुसरी करामत टर्बोची. ही कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची, १९०५ सालची. इंजिनाचा धूर आपण वाया घालवितो. टर्बोत तोच धूर एक चक्र फिरवितो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि हवा जास्त म्हणून इंधनही जास्त जळते. क्वाट्रोचे इंजिन पद्मिनीच्या सुमारे दुप्पट, ताकद मात्र २०० अश्वशक्ती, म्हणजे पाचपट!

क्वाट्रो दोन दारांची होती. पण शास्त्रींच्या गाडीची थोरली बहीण, चार दारांची ऑडी २०० क्वाट्रो, टर्बो लावून केनियाच्या सफारी रॅलीत उतरली आणि १९८७ साली हान्नू मिकोला यांनी ती पहिली आणली. कुटुंबाला बाजारहाटाला नेणारा तो आकार. पण शर्यतही जिंकून आला.

२००७ पासून ऑडीच्या मोटारींची जुळणी औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात होऊ लागली. ते शहर आता छत्रपती संभाजीनगर. जुळणी आपल्या हातांची, आराखडा मात्र परका. वालचंदांच्या कुर्ल्यालाही हेच दुखणे होते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. ते पाहायला अण्णा नव्हते.

परवा वर्गात फळ्यावर मी तो पोकळ दांडा काढला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हा आपल्याकडे कोणी का नाही काढला?"

मी खडू त्याच्या हातात दिला.