दोन-दोन कार्बनचा हिशेब

‘अमुक जीवनसत्त्व घेतले की चरबी भराभर जळते’ असे कुठेतरी वाचून विद्यार्थी विचारतात, “सर, हे खरे का?” नुसते ‘नाही’ म्हणून त्यांचे समाधान होत नाही. त्यापेक्षा शरीरात चरबी कशी जळते, हे कसे कळले ती हकीकत सांगावी.

चरबीतील मेदाम्ले म्हणजे कार्बन अणूंच्या लांब साखळ्या. त्या शरीरात कशा तुटतात, याचा शोध जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ क्नूप यांनी १९०४ साली घेतला. अणूंवर किरणोत्सारी खूण करण्याची सोय तेव्हा नव्हती. परंतु बेन्झीनचे वलय शरीराला सहसा फोडता येत नाही. क्नूप यांनी मेदाम्लाच्या शेपटीला हे वलय जोडले, ते कुत्र्यांना खाऊ घातले आणि मूत्र तपासले. साखळीतील कार्बन सम असतील तर वलयाला दोन कार्बन चिकटलेले सापडत. विषम असतील तर एकच. कार्बन एकेक करून तुटत असते, तर दोन्ही वेळा सारखाच शेष उरला असता. म्हणजे साखळी दोन-दोन कार्बननी आखूड होते!

पण तुटलेल्या तुकड्याचे स्वरूप काय? उत्तर वेगळ्याच वाटेने आले. उटकमंड येथे जन्मलेले अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर विल्यम्स यांना यीस्टच्या वाढीसाठी लागणारा एक पदार्थ सापडला. तो जिकडेतिकडे आढळतो, म्हणून ‘सर्व बाजूंनी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १९३३ मध्ये त्याला पँटोथेनिक आम्ल हे नाव मिळाले. हेच ब-५ जीवनसत्त्व. ते पेशीत नेमके काय करते, हे मात्र तेव्हा कळलेले नव्हते.

पुढे बोस्टनमध्ये फ्रिट्झ लिपमन कबुतराच्या यकृताच्या अर्कावर काम करत होते. त्यांना एक सहविकर मिळाले. ते म्हणजे कोएन्झाइम ए. त्याच्या घडणीत पँटोथेनिक आम्ल असल्याचे १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५१ मध्ये म्युनिकच्या फेओडोर लिनेन यांनी यीस्टमधून ‘अ‍ॅसिटिल कोएन्झाइम ए’ वेगळे केले. क्नूप यांचा दोन कार्बनचा तुकडा कोएन्झाइमच्या गंधकाला जोडलेला असतो, हे आता उलगडले.

पामिटिक आम्लाचे १६ कार्बन घ्या. सात फेऱ्यांत त्यांचे आठ तुकडे होतात. प्रत्येक फेरीत निघणारा हायड्रोजन रायबोफ्लेविन व नायसिन यांपासून बनलेली सहविकरे वाहून नेतात. तुकडा पुढे पोचवला की कोएन्झाइम ए मोकळे होते आणि पुन्हा कामाला लागते.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. जीवनसत्त्व हे सरपण नव्हे. चुलीशी राबणारा हात आहे. हात कमी पडले तर काम अडते. पण पुरेसे असताना आणखी आणून उभे केले, म्हणून जास्त लाकडे जळत नाहीत. किती जळायचे, ते शरीराला लागणाऱ्या ऊर्जेवर ठरते.

वर्गात आठ आणि सात मण्यांच्या दोन माळा करा. प्रत्येकीच्या एका टोकाला मोठे बटण बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून दोन-दोन मणी काढा. बटणाजवळ शेवटी किती मणी उरतात, ते मुलांनाच मोजू द्या.