मीटराविना देणे : मराठवाड्यातील कृषिपंपांची वीजथकबाकी

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तीर्थपुरी, घनसावंगी हा परिसर याच खोऱ्यातील होय. पैठण येथील जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले, आणि विहिरींच्या जोडीस कालव्याचे पाणी येऊन येथील बागाईत विजेच्या पंपावर अधिकाधिक विसंबू लागले. पंपांबरोबर थकबाकीही वाढली. तिचे कारण ग्राहकाच्या अनिच्छेत शोधण्याचा प्रघात आहे. आकारणीचा इतिहास पाहिला असता मूळ दोष अन्यत्र दिसतो : जे देणे मोजलेलेच नाही, ते ऋणकोस मान्य होत नाही व धनकोस सिद्ध करता येत नाही.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले. त्या वेळी लागू असलेल्या १९१० च्या कायद्यान्वये सात दिवसांची नोटीस देऊन थकबाकीदाराची वीज तोडता येत असे. या अधिकारामागे एक गृहीत होते. प्रत्येक ग्राहकाचा वापर स्वतंत्रपणे मोजला जातो, हे ते गृहीत. १९७० नंतरच्या दशकात कृषिपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी लागू झाली आणि ते ढळले. दूरवरच्या शिवारात मीटर वाचण्याचा खर्च वाचला, हे खरे. परंतु तीन अश्वशक्तीचा पंप वर्षात पाचशे तास चालो वा दीड हजार, आकार तोच राहिला. विहीर आटली, वीज रात्रीच आली, तरी देयकात फरक पडेना. उलट मंडळाच्या हिशेबात कृषिवापर हा अंदाजाचा आकडा बनला व गळतीस त्यात आडोसा मिळाला.

वसुलीच्या साधनातही हाच दोष उतरला. एका रोहित्रावर, ज्यास गावात डीपी म्हणतात, अनेकांचे पंप असतात. रोहित्रच बंद केले की नियमित भरणाऱ्याचेही पीक वाळते. अशा स्थितीत प्रामाणिकपणे भरणा करण्याचे प्रयोजन उरत नाही.

२००३ च्या विद्युत कायद्याने कलम ५५ अन्वये दोन वर्षांनंतर मीटराविना पुरवठा निषिद्ध केला, तर कलम ५६ अन्वये नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची केली. तरीही मीटर नसलेले पंप राहिलेच. २००४ साली मोफत विजेची घोषणा झाली व पुढील वर्षी ती मागे घेण्यात आली. भरणा करणे व न करणे यांतील अंतर त्यामुळे अधिकच पुसट झाले. २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन थकबाकी महावितरणकडे आली.

२०२० च्या कृषिपंप धोरणाची दिशा वेगळी होती. पहिल्या वर्षी भरणा करणाऱ्यास सुधारित थकबाकीत निम्मी सूट होती. शिवाय वसुलीपैकी ३३ टक्के रक्कम ग्रामपंचायत क्षेत्रातील व तितकीच जिल्ह्यातील वीजकामांसाठी राखण्यात आली. भरलेला पैसा गावाच्याच रोहित्रावर खर्च होईल, हे आश्वासन सवलतीहून मोलाचे होते.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे चालू देयक भरण्याचे दायित्व शासनाने पाच वर्षांसाठी स्वीकारले. ग्राहकावरील भार त्यामुळे उतरला, मोजणीचा प्रश्न मात्र सुटला नाही. पूर्वी अंदाजाचे देयक शेतकऱ्याच्या नावे निघत असे. मीटर नसेल तेथे तेच आता राज्याच्या तिजोरीवर निघते. ऋणको बदलला, देण्याचे स्वरूप बदलले नाही.